दर्याला कल्हई

त्या सुमाराला दर्या एवढा आंबट झाला होता, की खेकडेसुद्धा तोंड वाकडं करून चालत. तुम्ही म्हणाल, खेकडा मुळातच वाकडा चालतो. चालतो ना! पण आधी तो पायांनी वाकडा होता, तोंडानं नव्हता. खाजणवाडीच्या खाडीत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या निम्म्या बाया खरं बोलतात, आणि उरलेल्या निम्म्या अनसूया कुबलच्या मैत्रिणी आहेत.

तर ही गोष्ट अनसूयेची. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण जीभ अजून धार लावल्यासारखी. खाडीत बायांच्या गटाचे बांबूचे मांडव होते. मांडवांना दोऱ्या आणि दोऱ्यांना जुन्या शिंपल्यांच्या माळा. कालवाचं पिल्लू म्हणजे राईच्या दाण्याहून बारीक जीव. दोनेक आठवडे पाण्यात उंडारतं, मग एखादी बरी शिंपली बघतं आणि तिला जन्मभरासाठी चिकटतं.

"लग्नासारखाच ता," अनसूया म्हणायची. "एकदा चिकटला की सुटका नाय. म्हणान आधी जागा बघूक होयी."

पण गेले दोन हंगाम पिल्लं चिकटतच नव्हती. उंडारता उंडारताच मरत होती. माळा वर काढाव्यात तर शिंपल्या कोऱ्या, धुतलेल्या ताटांसारख्या. गटाची अध्यक्ष पारू तारी शेवटी म्हणाली, "ह्या वर्सा पिल्लां चिकटली नाय, तर मांडव उचलून बेटापलीकडे न्हेवया. थयला पाणी चांगला आसा."

तिथलं पाणी चांगलं होतं, पण तिथं कंबरभर लाटेत उतरायला लागायचं. म्हणजे ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी घरी बसायचं. अनसूयेला घर आवडत नव्हतं असं नाही. पण ओहोटीच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतून, मैत्रिणींच्या घोळक्यात साऱ्या जगाची उणीदुणी काढायची जी मजा, ती घरात कुणाबरोबर करणार? घरात होता एकटा जयवंत.

जयवंत कुबल तिचा नवरा. खाडीच्या काठावर त्याची छोटी गोदी. गावच्या होड्या तिथं वर ओढायच्या, बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि जुना रंग खरवडायचा आणि नवा लाल रंग फासायचा. तो लाल रंग तांब्याचा. तांबं बुडाला असलं की दर्यातलं काही त्याला चिकटत नाही. जयवंत स्वतःच्या हातानं तो रंग घोटायचा आणि त्याची तारीफही स्वतःच्याच तोंडानं करायचा.

"माझो रंग लायलेल्या होडयेक शेवाळ चिकटाक इला ना, तर भायर चपला काढून, माफी मागान परत जाता."

माणूस लाखातला. खोड एकच. लग्न झाल्यापासून अनसूयेच्या हातची माशाची आमटी चाखली की भुरका मारायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरी झाली हां. पण आयेच्या हातची चव नाय."

आये म्हणजे त्याची आई. देवमाणूस बाई, पण जाताना आमटीची चव सोबत घेऊन गेली. अनसूयेनं काय काय करून पाहिलं! त्रिफळं वाढवली, कोकमाची सोलं बदलली, नारळ पाट्यावर वाटला. सासूनं तिला पहिल्याच दिवशी ओव्याची डबी हातात दिली होती आणि बजावलं होतं, "सणाच्या जेवणानंतर आमच्यात सगळ्यांका चिमूटभर ओवो दितत. कुबलांची रीत आसा." ती रीत तिनं इमानानं पाळली. पण आमटीचं गुपित काही सासूनं सांगितलं नाही.

आणि मग गावात ती जीभ आली.

---

जीभ आणली मेहेर सोलकरनं. समुद्राच्या संशोधन संस्थेतली पोरगी, दाभोळकडची, केस कापलेले आणि पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिच्या हातात एक काठी होती, काठीच्या टोकाला चिंचोक्याएवढा चपटा तुकडा.

"काकी, ही पाण्यातलं तांबं चाखते," ती म्हणाली.

"दर्यात तांबा? कोणाची कळशी पडली?"

मेहेर हसली आणि मांडवाच्या बांबूला टेकून सांगायला लागली. दर्यात सगळे धातू असतात, पण हिंगाएवढे. लोखंड, जस्त, तांबं. दर्यातल्या जिवांना ते लागतातही. डाळीला चिमूटभर हिंग पडला तर घमघमाट, मूठभर पडला तर डाळ फेकून द्यायची. तसंच हे. आता हा हिंग पाण्यात मोकळा नाही फिरत. कुजलेला पाला, शेवाळाचा रस, असल्या गोष्टींनी त्याला धरून ठेवलेलं असतं.

"एसटीत बसल्यासारखं," मेहेर म्हणाली. "पाल्याच्या रसात बाकं असतात. तांबं बाकावर बसलेलं असलं की कुणाला त्रास देत नाही. पण जगभरच्या धुरातला वायू दर्या पितो आणि आंबट होतो. आंबटपणाचे कण गाडीत घुसतात आणि बाकांवर रुमाल टाकतात. मग तांब्याला जागा मिळत नाही. ते उभं राहतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायावर पाय देतं."

"आणि पाय कोणाचो? आमच्या पिल्लांचो!"

"बरोबर. तांबं तेवढंच असतं काकी, पण मोकळं झालेलं असतं. पिल्लाच्या कोवळ्या अंगाला तेच डसतं. लोखंडाची तऱ्हा आणखी वेगळी. आंबट पाण्यात काही ठिकाणी ते बाकावरून उठायलाच तयार होत नाही, आणि त्याच्यावर जगणारे बारीक जीव उपाशी राहतात. पण तुमच्याकडे मला तांब्याचाच संशय आहे. आजवरची यंत्रं एकूण तांबं किती ते सांगायची. ही जीभ फक्त उभं असलेलं तांबं मोजते."

अनसूयेनं मान हलवली. तिला गोष्ट समजली होती, आणि तिच्याकडे तिच्यासाठी शब्दही होता. "आमच्यात ह्येका कळकला म्हणतत. पितळेच्या भांड्यात ताक ठेवला की कळाकता ना? तसा दर्या कळाकलो."

मेहेरचे डोळे चमकले. जिभेला बोलता यायचं, आणि तिला गावातला आवाज हवाच होता. तिनं अनसूयेकडूनच तीन शब्द बोलून घेतले. पाणी ठीक असलं तर 'बरा', थोडं बिघडलं तर 'तुरट', आणि हाताबाहेर गेलं तर 'कळाकला'. जे चाखलं जाईल ते तिथल्या तिथं मेहेरच्या संस्थेत पोचायचं.

संध्याकाळी काठी घरी आली. अनसूयेनं हौसेनं ती पिण्याच्या पाण्यात बुडवली, आणि काठी तिच्याच आवाजात बोलली, "बरा!"

जयवंत ओटीवरून डोकावला. "घरातली एक जीभ कमी पडली म्हणान दुसरी काठयेक बांधलंस?"

"ही जास्त शहाणी आसा. चाखल्याशिवाय बोलत नाय."

---

दुसऱ्या दिवशी ओहोटीला अनसूया खाडीत उतरली. खाडीच्या वरच्या अंगाला, तिवरांच्या झाडीत, पाणी चहासारखं तपकिरी. जीभ म्हणाली, "बरा." मांडवांपाशी म्हणाली, "तुरट." अनसूया काठी टेकत खाली निघाली. "तुरट. तुरट." आवाज तिचाच, पण प्रत्येक पावलाला जास्त चिडका वाटत होता. वाट कुठं चालली आहे हे तिला दिसत होतं, पण पाय थांबेनात.

समोर जयवंतची गोदी. एक होडी उताणी, जयवंत तिच्या पाठीवर वाकून जुना रंग खरवडत होता. लाल खपल्या खाली चिखलात पडत होत्या. तिथला चिखलच लाल होता. जयवंतच्या आणि त्याच्या बापाच्या सगळ्या हयातीतल्या खपल्या तिथं मुरल्या होत्या.

तिनं जीभ बुडवली.

"कळाकला! कळाकला!"

"गप रव गे!" जयवंत मान वर न करता म्हणाला.

"मी खय बोललंय?"

"मगे कोण बोल्ला?"

"काठी."

जयवंतनं मान वर केली. काठी बघितली, बायकोचं तोंड बघितलं, मग आपल्या पायाखालचा चिखल बघितला. त्याला सगळं एकदम कळलं, म्हणूनच तो संतापला.

"जल्माक येवन हयच रंग खरवडतंय! माझो बापूस खरवडी होतो! तेव्हा दर्याक काय झाला नाय, आताच कसा झाला?"

"तेव्हा दर्या आंबट नव्हतो. चिखलात निजलेला तांबा आता जागा झाला."

"मगे दर्या मी आंबट केलंय? जगभर चिमणये धूर सोडतत, आणि फाशी माझ्या रंगाच्या डब्याक?"

यात खोटं काही नव्हतं. अनसूयेनं काठी खांद्यावर टाकली आणि ती घरी निघाली.

मेहेरचा फोन आला. ती म्हणाली, एका घोटावरून निकाल देता येत नाही. गोदीपाशी रोज मोजा, भरतीला आणि ओहोटीला. मग गटाच्या सभेत आपण नक्की काय ते सांगू.

अनसूया रोज काठी घेऊन खाडीत जायला लागली. तिवरांत जायची, मांडवांपाशी जायची, आणि गोदी आली की वळून घरी यायची.

"काकी, गोदीजवळचं राहिलं का?" मेहेरनं विचारलं.

"थय खेकडे चावतत."

"बूट घाला."

"बुटांकच चावतत गे. मोठे आसत. त्या दिवशी एकान एक बूट न्हेल्यान. आता दुसरो मागूक येता."

अशी थाप मारून किती दिवस निघणार? सांगितलं तर नवऱ्याची गोदी जाते, न सांगितलं तर मांडव जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जयवंतला कळत होतं की ती वळून घरी येते. जेवताना आमटी भुरकायचा आणि उठून हात धुवायचा. आयेच्या चवीबद्दलसुद्धा चकार शब्द नाही. भांडण झेपतं हो, पण आयत्या वेळी टोमणा आला नाही की घर सुनं लागतं.

---

सभेच्या आदल्या दिवशी अनसूया माळ्यावर चढली होती. चढली होती जुन्या सुंभाच्या गुंडाळीसाठी, आणि दिसला सासूचा तांब्याचा टोप. सणावाराला त्यातच आमटी व्हायची. सासू गेल्यावर तो जड टोप कुणी खाली काढलाच नव्हता.

तिनं तो उजेडात धरला. बाहेरून काळा, आणि आत बघते तर तळाला भलामोठा लालभडक तांब्याचा डाग. कल्हईचा मागमूस नाही. कडेला जराशी पांढरी चकाकी, तेवढीच. सासू सांगायची ते तिला आठवलं, कल्हईवाला गावात यायचा कधीच बंद झाला म्हणून.

अनसूया टोप मांडीवर घेऊन बसली. तिच्या डोक्यात एसटी सुरू झाली. सोलं आंबट. टोप उघडा. बाकं भरलेली. तांबं उभं.

"अगे माझ्या सासूबाय!" ती टोपाला म्हणाली.

त्या दुपारी तिनं टोप लखलखीत घासला आणि त्यात सुरमईची आमटी केली. सोलं नेहमीची, त्रिफळं नेहमीची. आमटी तशीच थोडा वेळ मुरू दिली, सासू द्यायची तशी. मग जयवंतच्या पानात फक्त दोन चमचे वाढली.

"एवढीच?"

"चाखा तर आधी."

जयवंतनं बोट बुडवून चाटलं. आणि थांबला. परत चाटलं. त्याचे डोळे मोठे झाले, मग पाण्यानं भरले.

"हीच," तो म्हणाला. "गे, हीच ती. आयेची. कसा केलंस?"

आता आली का पंचाईत? अनसूयेनं ठरवलं होतं, जिंकायचं आणि खूप खूप हसायचं. पण समोर बसलेला हा पांढऱ्या मिशांचा माणूस शाळेतून आलेल्या पोरासारखा बोट चाटत होता. क्षणभर तिला वाटलं, राहू दे. खाऊ दे त्याला. मग त्यानं आमटीकडे वाटी सरकवली, आणि तिला ओव्याची डबी आठवली.

तिनं काठी उचलली आणि जीभ टोपात बुडवली.

"कळाकला! कळाकला! कळाकला!" काठी बोंबलली.

अनसूयेनं आमटी मोरीत ओतली आणि रिकामा टोप त्याच्यासमोर तिरका धरला. कल्हई नसलेलं तांबं कसं दिसतं हे, जन्मभर तांबं घोटणाऱ्याला सांगावं लागलं नाही.

त्यानं त्या लाल डागावर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "सणाच्या संध्याकाळी आमी सगळी पोरां पोट धरून लोळी. आये ओवो दी."

"हां."

"म्हणजे ओवो ही कुबलांची रीत नाय?"

"रीत खयची! औषध ता."

जयवंत आधी नाकातून हसला. मग पोटातून. मग दोघंही एवढी हसली, की चुलीमागची मांजर उठून शेजाऱ्यांकडे राहायला गेली. आणि त्याच वेळी फोन वाजला. मेहेर, धापा टाकत.

"काकी! खाडीत काय झालं? काही सांडलं का? एवढं तांबं मी जन्मात पाहिलं नाही! मी निघालेय, कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका!"

"अगे, खाडी बरी आसा. ती सुरमयची आमटी होती."

"तुम्ही जीभ आमटीत घातलीत?"

"जिभेक दुसरा काय काम असता?"

फोन ठेवून ती वळली तर जयवंत टोप मांडीवर घेऊन तसाच बसलेला. हसू थांबलं होतं. नजर दारातून खाडीकडे.

"टोप तोच होतो," तो म्हणाला. "आयेनं चांगल्या मनानंच रांधल्यान. कल्हई गेली, ती दिसली नाय तिका." मग टोप खाली ठेवला. "माका पण दिसली नाय. उद्या सभेत तू बोलू नको. मी बोलतंय."

"काय बोलतलात?"

"काय म्हणजे? टोप फेकूचो नाय. दर्याक कल्हई करूक होयी."

---

सभेत जयवंतनं टोपच नेला आणि आतला लाल डाग दिसेल असा सगळ्या बायांपुढे तिरका धरला. ओव्याचा किस्सा त्यानं असा रंगवून सांगितला, की पारू तारीला बाक धरून बसावं लागलं. मग म्हणाला, "गोदी माझी. चिखल माझो. आता सांगा काय करूचा ता."

सांगितलं मेहेरनं. पहिल्या दिवशीच्या 'कळाकला'चा संशय धरून तिनं आधीच दोन बरण्यांत गोदीचं पाणी भरून ठेवलं होतं, दोन्हीत संस्थेतली कालवाची पिल्लं. एका बरणीत तिनं तिवरांच्या कुजलेल्या पाल्याचा तपकिरी रस ओतलेला. भिंगाखाली बायांनी एकेकीनं बघितलं. साध्या पाण्यातली पिल्लं तळाला जाऊन पडली होती. तपकिरी पाण्यातली गोल गोल भोवऱ्यासारखी फिरत होती. पाल्याच्या रसानं गाडीत नवी बाकं बसवली होती. उभ्या तांब्याला बसायला जागा मिळाली होती.

"पण हे खाडीपुरतंच," मेहेर म्हणाली. "दर्या यानं गोड होणार नाही. त्याला जगभरचा धूर कमी व्हायला हवा. तोवर आपल्या टोपाला आपण कल्हई करू शकतो."

मग जयवंतनं काय केलं ऐका. होड्या भरतीच्या रेघेच्या वर ओढायला लागला. खाली सिमेंटचा कोबा, कोब्याला नाली, खपली अन् खपली गोळा. लाल चिखल उकरला नाही, मेहेरनं बजावलं होतं, उकरला तर निजलेलं सगळंच जागं होईल. त्यावर बायांनी जुन्या शिंपल्यांचा जाड थर पसरला. जुन्या जाळ्यांच्या मोठ्या मोठ्या थैल्या शिवल्या, त्यांत तिवरांचा गळलेला पाला भरून कुजवला, आणि त्या मांडवांभोवती सोडल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणा राक्षसानं खाडीत चहा टाकलाय. बेटापलीकडचा एक देवमासा साखर मागायला आला होता म्हणतात. मी म्हणत नाही, पारू तारी म्हणते.

आणि लाल रंग? तोही जयवंतनं सोडला. बाजारात एक निसरडा लेप मिळायचा, बिनतांब्याचा, ज्याला तो आजवर 'दुधावरची साय' म्हणून नावं ठेवायचा. पहिली होडी रंगवून झाल्यावर तो अर्धा दिवस गोदीतच राहिला. डबा बाजूला ठेवून लाल बोटांकडे बघत बसला. अनसूया चहाचा कप बाजूला ठेवून आली. तिसऱ्या होडीला मात्र त्याचा आवाज गोदीवरून ऐकू आला, "ह्या लेपावर शेवाळ बसाक इला ना, तर घसरान सरळ गोव्याक पोचता!"

अनसूयेच्या जिवात जीव आला.

---

हंगाम आला. माळा वर काढायच्या दिवशी सगळ्या बाया चिखलात. अनसूयेनं आधी काठी बुडवली. काठीनं जरा वेळ घेतला, पाणी तोंडात घोळवल्यासारखा.

"बरा," ती म्हणाली.

"माळ ओढ," पारू म्हणाली. "काठयेचा काय खरा? शेवटी तुझोच आवाज तो."

अनसूयेनं माळ ओढली. पाणी निथळलं. पहिली शिंपली कोरी. दुसरी कोरी. तिसऱ्या शिंपलीवर तिनं अंगठा फिरवला, आणि अंगठ्याला काहीतरी खरखरीत लागलं. नखाएवढं. त्याच्या शेजारी आणखी एक. चौथीवर तर दाटीवाटीनं, जत्रेतल्यासारखी.

"चिकटली!" अनसूया ओरडली. "मेली जागा बघून चिकटली!"

गुडघे विसरून ती नाचली म्हणतात. चिखलात रुतलेलं माणूस नाचणार किती, पण कंबरेवरची जेवढी होती तेवढी नाचली.

त्या दिवशी आमटी सासूच्याच टोपात झाली. मेहेरनं रत्नागिरीहून एका म्हाताऱ्या कल्हईवाल्याचा पत्ता शोधून काढला होता, आणि टोप आतून चांदीसारखा झाला होता. मेहेर जेवायला होती, पारू होती. जीभ मात्र दाराबाहेर उभी केली होती. मेहेरची ती एकच अट.

जयवंतनं भुरका मारला. मान डोलवली. सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"आयेच्या हातची चव नाय," तो म्हणाला, आणि वाटी पुढे केली. "आणखी वाढ. भरान वाढ."

त्यानं तीन वाट्या आमटी ओरपली. हात धुतले, पाटावर येऊन बसला, आणि ओव्याच्या डबीतून चिमूटभर ओवा काढून तोंडात टाकला.

"आता कित्याक?" अनसूया दचकली. "पोटात दुखता?"

"नाय गे." जयवंतनं ओवा चावला, डोळे मिटले. "आयेची आठवण इली."

अनसूयेनं डबी आपल्याकडे ओढली, आणि एक चिमूट स्वतःच्याही तोंडात टाकली.